तीस अँपिअरचा फ्यूज

पावणेअकराच्या सुमाराला करंटताईने हात पुसायला टेबलावरचं फडकं उचललं आणि खाली हिरवा फ्यूज दिसला. तीस अँपिअरचा, दोन पात्यांचा, नखाएवढा. उजेडात धरून पाहिला तर आतली तार शाबूत. जळका असता तर तिने तो डब्यात टाकला असता आणि पुढच्या कामाला लागली असती. पण चांगला फ्यूज टेबलावर उगीच पडलेला नसतो. तो कुणाच्या तरी गाडीतून निघालेला असतो आणि त्याच गाडीत परत जायचा असतो.

सकाळपासून दुकानात एकच गाडी आली होती, आणि ती जाऊन पाऊण तास झाला होता.

गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान तिच्या वडिलांनी सुरू केलेलं. हेडलाइट, हॉर्न, काचांच्या मोटरी, एसीचे पंखे, जिथे म्हणून करंट जातो तिथलं सगळं काम. ती शाळेत असल्यापासून त्यांच्या हाताखाली शिकली आणि आता चाळिशी ओलांडली तरी गल्लीत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. करंटताई हे नाव निम्मं कामावरून पडलं होतं आणि निम्मं स्वभावावरून. बाबा बहात्तर वर्षांचे. आता मोठी कामं तीच करायची, पण बाबा रोज सकाळी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून दुकानात हजर. दारापाशी त्यांचं स्टूल होतं. बसल्या बसल्या ते वायरी सोलत, प्लग साफ करत आणि मधून मधून उठून तिच्या कामात नाक खुपसत.

सकाळची गाडी होती पलीकडच्या रस्त्यावरच्या चष्मेवाल्याची. त्याच्या एसीचा पंखा दहा मिनिटं चालायचा आणि गप्प बसायचा. फ्यूज दोनदा उडाला होता. चष्मेवाल्याला त्या दिवशी वडिलांना बहिणीकडे पोचवायचं होतं, तीन तासांचा रस्ता. वडिलांची उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणंही गेलेलं. गरम हवा लागली की त्यांचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून काचा उघड्या टाकून नेण्याची सोय नव्हती.

"एवढं करून द्या, ताई," तो सर्दीने चोंदलेल्या आवाजात म्हणाला होता. रुमाल नाकावरून हटत नव्हता. "दहाला गाडी घेऊन जातो, आजोबांना घरून उचलतो आणि निघतो." स्वतःच्या वडिलांना तो मुलांच्या सवयीने आजोबाच म्हणायचा.

तिने काम केलं होतं. पंख्याचा वेग ठरवणारा रेझिस्टर पाहिला, तर त्याचा प्लग एका बाजूने वितळलेला. नवा प्लग बसवला. पंखा चारही वेगांवर चालला. फ्यूजची खोबण ढिली आहे का हे बघायला मध्येच फ्यूज काढून तिथे वायरीचा तुकडा लावला होता. याला धंद्यात 'डायरेक्ट करणं' म्हणतात. दोन मिनिटांसाठी करायचं आणि लगेच काढायचं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, ती बोलायला बाहेर गेली. परत आली तेव्हा बाबा गाडीत वाकून फ्यूजच्या पेटीचं झाकण दाबून बसवत होते. चष्मेवाला दारात घड्याळ बघत उभा होता. तिने चावी दिली.

फ्यूज हातात घेऊन ती बाबांकडे वळली.

"बाबा, चष्मेवाल्याच्या गाडीत फ्यूज परत लावलात का?"

बाबांनी हातातली वायर खाली ठेवली. "कुठला फ्यूज?"

"हा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फ्यूजकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मग तिथे वायर आहे अजून?"

"मी तेच विचारतेय. मी आत आले तेव्हा झाकण तुम्ही लावत होतात."

"हो. झाकण मी लावलं."

"मग वायर कोण काढणार होतं?" तिचा आवाज चढला तो चढलाच. "तुम्ही लावलीत आणि तुम्हीच विसरलात. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून झोपलात. परवा शटर उघडं टाकून घरी आलात. दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो, बाबा. याला काय करायचं?"

बाबा फ्यूजकडेच बघत होते. आठवायचा प्रयत्न करताना ते खालचा ओठ दातांत धरत, तसा धरला होता.

"मीच लावली असेन," ते हळूच म्हणाले.

फ्यूज म्हणजे गाडीच्या वायरिंगमध्ये मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा. करंट जास्त झाला की आधी तो जळायचा आणि बाकी सगळं वाचवायचा. तो नसला की जळायचं काम वायरीवर येतं, आणि वायर जाते डॅशबोर्डच्या मागून, फोममधून, सतरंजीखालून. दुसऱ्या कुठल्या गाडीत हे झालं असतं तर तिने एक वेळ धीर धरला असता. पण त्या गाडीतला फ्यूज दोनदा उडाला होता. वितळलेला प्लग दिसला आणि दोष सापडला असं धरून तिने घाई केली. पंख्याची मोटर किती करंट ओढते हे मोजलंच नव्हतं. मोटर जड झाली असली, तर ती आत्ता या क्षणी कुठल्या तरी रस्त्यावर ती वायर तापवत होती, आणि मागच्या सीटवर एक माणूस होता ज्याला आपणहून उतरता येत नव्हतं.

तिने चष्मेवाल्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग त्याच्या दुकानात लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "गाडीत सरांचा फोन सायलेंटवर असतो. आजोबांना झोप लागावी म्हणून."

"वाटेत कुठे थांबतात का ते?"

"तासाभराने थांबतातच. आजोबांची कूस बदलावी लागते ना. नदीच्या पुलापलीकडे पेट्रोल पंप आहे, बहुतेक तिथे. का हो, काही राहिलं का?"

"हो, थोडं काम राहिलंय," एवढंच ती म्हणाली.

तिने हत्यारांची पिशवी स्कूटरच्या डिकीत कोंबली, वायरीचं एक भेंडोळं हँडलला अडकवलं, फ्यूज खिशात टाकला. बाबा दारात उभे होते.

"तू गाडी चालव," ते म्हणाले. "फोन मी लावत राहतो."

तिने हेल्मेट चढवलं आणि किल्ली फिरवली.

आधी चष्मेवाल्याचं घर. दोन गल्ल्या ओलांडून पोचली तर दाराला कुलूप. शेजारीण जिन्यात कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "आजोबांना खाली आणायलाच अर्धा तास गेला बघा. आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी निघाले."

पंधरा मिनिटं. तेवढ्याने तिला हत्तीचं बळ आलं. उन्हाने तापलेल्या मोठ्या रस्त्यावर तिची स्कूटर साठच्या पुढे थरथरायची, आज तिने ती पासष्टवर नेली. हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता. पांढरी गाडी दिसली की ती मान पुढे काढायची आणि जवळ गेल्यावर ती दुसरीच निघायची. पांढऱ्या गाड्या जगात एवढ्या कशाला असतात, असं तिला वाटलं. मनातल्या मनात ती हिशेब मांडत होती. पंखा पहिल्या वेगावर असेल तर वायर कोमट होईल. दुसऱ्यावर गरम. पण आजोबांना उकडतंय म्हटल्यावर तो चौथ्यावरच ठेवणार. चौथ्यावर जड मोटर. किती मिनिटं?

आणि त्या हिशेबाच्या आडून बाबांचा चेहरा सारखा पुढे येत होता. सकाळचा तो फोन दवाखान्यातून आला होता. बाबांची स्मरणशक्ती तपासून घ्यायची म्हणून तिने त्यांना न सांगता गुरुवारची वेळ घेतली होती, आणि ते ऐकतील म्हणूनच ती बाहेर गेली होती. तेवढ्या पाच मिनिटांत हे झालं. आता डॉक्टर वेगळं काय सांगणार? बाबांना उद्यापासून दुकानात येऊ द्यायचं नाही, हे तिने त्या रस्त्यावर ठरवूनही टाकलं. पण दुकानाशिवाय बाबा काय करतील हे तिला माहीत नव्हतं.

एका वळणापलीकडे धूर दिसला.

काळा नव्हता, राखाडी, पण रस्त्याच्या कडेलाच. दोन ट्रक उभे, माणसं उतरलेली. ब्रेक कधी दाबला हे तिला कळलं नाही. जवळ गेली तर कडेचं वाळलेलं गवत पेटलं होतं आणि ट्रकवाले डहाळ्यांनी ते झोडपत होते. त्यातला एक म्हणाला, "जा जा बाई, काही नाही, कुणी विडी टाकली असणार." ती तिथेच एक पाय टेकवून मिनिटभर उभी राहिली. मग फोन काढला.

"लागला का, बाबा?"

"नाही. एकोणतीस वेळा लावला." बाबांचा आवाज दमलेला होता. "ऐक. वायर एकदम पेट घेत नाही. आधी प्लास्टिकचा वास येतो, चांगला दहा-पंधरा मिनिटं. गाडी चालवणारा माणूस वासाने थांबतो. तो थांबलाच असेल बघ कुठेतरी."

तिला धीर आला, तो शंभर-दोनशे मीटर टिकला. मग तिला चष्मेवाल्याचा चोंदलेला आवाज आठवला आणि नाकावरचा रुमाल. त्याला वास येणार नव्हता. ज्याला येणार होता, त्याला सांगता येणार नव्हतं.

पूल आला. पुलापलीकडे पंप. टाक्यांपाशी गाड्यांची रांग होती, तिच्यात ती गाडी नव्हती. ती पंपाला वळसा घालून मागे गेली. मागे हवा भरायची जागा, शौचालय आणि एका मोठ्या झाडाची सावली. त्या सावलीत पांढरी गाडी उभी होती, इंजिन चालू, काचा बंद.

चष्मेवाला गाडीत नव्हता. मागच्या सीटवर उशांच्या आधाराने आजोबा बसले होते.

तिने दार ओढलं. बंद. चारही दारं बंद. वडिलांना गार वाटावं म्हणून त्याने एक चावी आत ठेवून गाडी चालू ठेवली होती आणि दुसऱ्या चावीने बाहेरून लॉक केलं होतं. तिने काचेला नाक लावलं. आजोबांचे डोळे सताड उघडे होते. त्यांनी डावा हात उचलला, नाकाला लावला आणि मग पुढे डॅशबोर्डकडे नेला. पुन्हा नाकाला, पुन्हा पुढे. हे ते किती वेळ करत होते कोण जाणे. डॅशबोर्डच्या खालून काडीएवढी धुराची रेघ निघून काचेवर पसरत होती.

"आजोबा," ती काचेला तोंड लावून म्हणाली. ओरडायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. ओरडलं की ते घाबरतील. "आजोबा, तुमच्या दाराची खुंटी. ही, काचेच्या खाली. वर ओढा."

खुंटी त्यांच्या उजव्या बाजूला होती, लुळ्या हाताच्या बाजूला. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, मग खुंटीकडे. डावा हात त्यांनी छातीवरून पलीकडे नेला. हात पोचला नाही. अंग वळवायला हवं होतं, आणि अंग त्यांचं ऐकत नव्हतं.

तिने पिशवीतला मोठा पाना काढला. पुढची काच फोडायची आणि आत हात घालून दार उघडायचं. दहा आकडे मोजायचे आणि फोडायची. एक. दोन. आजोबांनी पाठ उशीपासून सोडवली आणि उजव्या बाजूला कलले. चार. पाच. ते पडतच होते खरं म्हणजे, डोकं काचेला येऊन टेकलं. त्या पडण्याचाच फायदा घेऊन त्यांनी हात पुढे सरकवला. सात. दोन बोटं खुंटीला लागली, निसटली, परत लागली. पंख्याचा आवाज एकदम खोल गेला, जड काहीतरी ओढत असल्यासारखा.

टक्.

तिने एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्याने आजोबांना बाहेर पडण्यापासून थोपवलं. खांद्याने त्यांना उशीला टेकवून ती पुढच्या दोन सीटच्या मधून आत घुसली. आधी पंख्याचं बटण, मग चावी. पंखा थांबला. गाडीत जळक्या प्लास्टिकचा उग्र वास भरला होता. तिने चारही दारं उघडी टाकली, फ्यूजच्या पेटीचं झाकण उपटलं आणि पकडीने आतली वायर ओढून काढली. तिचं आवरण मऊ पडून पकडीला चिकटलं.

तेव्हा कुठे तिने त्या वायरीकडे बघितलं.

निळी वायर, वीतभर लांब, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली पितळी पाती. बाबा डायरेक्ट करताना कधीच अशी वायर वापरत नसत. त्यांची स्वतःची एक काळी वायर होती, तीस वर्षं जुनी, आणि तिच्या मधोमध त्यांनी एक फ्यूज बसवून घेतलेला होता. दोन मिनिटांसाठी का होईना, फ्यूजशिवाय करंट सोडायचा नाही, हे ते तिला शेकडो वेळा सांगून थकले होते, आणि ती त्यांना दर वेळी हसली होती. निळी वायर तिची होती. मागच्या आठवड्यात तिनेच तयार केली होती. आता तिला सगळं लख्ख आठवलं. गुडघा टेकून वाकणं, वायर खोबणीत दाबणं, खिशात फोनचं थरथरणं, स्क्रीनवर दवाखान्याचं नाव.

"काय झालं? काय करताय तुम्ही?" चष्मेवाला ओला रुमाल आणि पाण्याची बाटली घेऊन धावत येत होता. जवळ आल्यावर त्याला धूर दिसला. बाटली त्याने कुठे ठेवली ते त्यालाही कळलं नसेल. आधी तो वडिलांकडे गेला, त्यांचे हात, तोंड, डोळे सगळं चाचपून पाहिलं. आजोबांनी डाव्या हाताने त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

मग तो तिच्याकडे वळला. "तुम्ही इथे कशा? तुम्ही देवासारख्या आलात, ताई. मी आत रांगेत उभा होतो. तुम्ही नसतात तर..."

तिच्या मनात आलं, हे असंच राहू द्यावं. फोन लागत नव्हता, शंका आली म्हणून आले, एवढं सांगितलं तरी चालेल. निळी वायर मुठीत होती आणि मूठ खिशात घालता येत होती.

"मी देवासारखी आले नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तुमच्या गाडीत फ्यूजच्या जागी ही वायर राहिली. मी लावली आणि काढायची विसरले. दुकानात फ्यूज सापडला तेव्हा कळलं."

चष्मेवाला तिच्या हातातल्या वायरीकडे बघत राहिला. राग यायला त्याला थोडा वेळ लागला, आणि आला तेव्हा तो आवाजात आला नाही, चेहऱ्यावर आला.

"आतमध्ये माझे वडील होते," तो म्हणाला.

"हो."

"आजोबा मघापासून हात हलवत होते. मला वाटलं, उकडतंय. मी पंखा वाढवला." तो खाली बसला, झाडाच्या मुळावर. "मी पंखा वाढवला, ताई."

तिने वायर खिशात ठेवली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अजून दोन तासांचा रस्ता आहे. दुसरा कुणी वायरमन बोलवायचा असला तर मी थांबते आणि त्याला सगळं सांगते. किंवा मी करते. तुम्ही शेजारी उभे राहून प्रत्येक गोष्ट बघा."

तो हातातला ओला रुमाल पिळत राहिला. तेव्हा आजोबांच्या घशातून आवाज आला. दोघांनीही वळून बघितलं. त्यांचं तोंड वाकडं झालं, मान हलली आणि मोठ्या कष्टाने एक शब्द बाहेर पडला. "क... करू दे."

चष्मेवाला म्हणाला, "आठ दिवसांत बोलले नव्हते."

पंपाच्या ऑफिसात आजोबांना खुर्ची मिळाली. चष्मेवाला त्यांना तिथे पंख्याखाली बसवून आला आणि खरोखरच तिच्या शेजारी उभा राहिला. ती डॅशबोर्डखाली आडवी झाली. जळालेली वायर हातभर होती. बाजूच्या दोन वायरींची आवरणं तपकिरी झाली होती, सतरंजीला रुपयाएवढा डाग पडला होता. आणखी दहा मिनिटं, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते मनातच दाबलं. पहिला स्क्रू दोनदा पडला.

कारण सापडल्याशिवाय नवी वायर घालायची नाही, एवढं तिने ठरवलं होतं. तीन स्क्रू काढून पंख्याची मोटर खाली घेतली आणि पाती हाताने फिरवून बघितली. फिरेनात. बोट आत घातलं, तर मऊ काहीतरी लागलं. चिमट्याने ओढत ओढत तिने ते बाहेर काढलं. दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेलं, काळंमिट्ट झालेलं, चष्मा पुसायचं कापड. कोपऱ्यावर दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं.

"तुमचंच आहे," ती म्हणाली.

त्याने ते दोन बोटांत धरलं. समोरच्या कप्प्यात अशी कापडं तो ढिगाने ठेवत असे. कप्प्याच्या मागची जाळी कधीतरी निघाली होती आणि तिथून एक आत घसरलं होतं. फ्यूज उडत होता तो याच्यासाठी. प्लग वितळला तोही याच्यासाठी.

"म्हणजे गिऱ्हाइकांना फुकट वाटतो ते आम्हालाच भोवलं," तो म्हणाला. हसला नाही, पण खांदे जरा खाली आले.

तिने खराब वायरी कापून नव्या घातल्या, सांधे पक्के केले, वरून टेप गुंडाळली. मोटर आता बोटाच्या धक्क्याने फिरत होती. मग खिशातून हिरवा फ्यूज काढला, त्याला दाखवला आणि त्याच्यासमोर खोबणीत बसवला. मीटर लावून पंखा पहिल्यापासून चौथ्या वेगापर्यंत नेला. अकरा अँपिअर. पाच मिनिटांनी पुन्हा अकरा. पंधरा मिनिटांनीही अकराच. तोवर तिने दर मिनिटाला हात घालून वायर चाचपली. गार होती.

आजोबांना पुन्हा गाडीत बसवल्यावर चष्मेवाला म्हणाला, "पोचल्यावर फोन करतो. आत्ता मला काही बोलता येत नाही." दार लावताना त्याने खिशातून फोन काढला, सायलेंट काढलं आणि पडद्यावर बघून थबकला. "त्रेपन्न मिस्ड कॉल?"

"माझे वडील," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिने बाबांना फोन केला तो फक्त "गाडी सापडली, सगळे ठीक आहेत" एवढं सांगायला. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ती पोचली तेव्हा चार वाजले होते. बाबा स्टुलावर होते. जेवणाचा डबा तसाच, न उघडलेला. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या दिसल्या म्हणून तिने टेबलाकडे पाहिलं. बाबांचे पाने, पकडी, सोल्डरिंगची बंदूक, सगळं पुसून, जुन्या टॉवेलात बांधून ठेवलं होतं. गाठ व्यवस्थित मारलेली.

"हे काय?"

"तुला लागेल ते यातून काढून घे," बाबा म्हणाले. "माझ्या हातून आता नको. आज निभावलं."

तिने निळी वायर खिशातून काढून टेबलावर ठेवली. बाबांनी चष्मा सारखा केला, वायर उचलली, दोन्ही टोकं बघितली, मध्ये बघितलं. त्यांना बोलायला वेळ लागला नाही. "हिच्यात फ्यूज नाही."

"नाही."

"ही माझी नव्हे."

"माझी आहे. मीच लावली होती, बाबा. फोन आला आणि विसरले. तुम्ही फक्त झाकण लावलंत."

बाबा वायरीवरून अंगठा फिरवत राहिले. "मग मी 'मीच लावली असेन' असं का म्हटलं?"

"मी तसं विचारलं म्हणून."

"नाही," ते म्हणाले. "तू गेल्यावर मी डोळे मिटून बसलो, तर मला दिसलं. मी वाकून वायर लावतोय असं अगदी स्पष्ट दिसलं. आणि ते झालंच नव्हतं." ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत सुटल्याचा आनंद नव्हता. "हे जास्त वाईट आहे ना गं?"

ती त्यांच्याशेजारी उलट्या बादलीवर बसली. तिला काही तरी बरं, गोड सांगता आलं असतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. मी वेळ घेतलीय, तुम्हाला न सांगता. सकाळचा फोन त्यांचाच होता."

वायरीवरचा बाबांचा अंगठा थांबला. "म्हणून बाहेर गेलीस."

"म्हणून बाहेर गेले."

"इथेच बोलली असतीस तर वायर काढली असतीस," बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, ते नुसतं कामाचं बोलत होते. मग त्यांनी विचारलं, "मोटर का जड झाली होती?" तिने कापडाचं सांगितलं. कुठल्या बाजूने गुंडाळलं होतं, जाळी कुठली निघाली होती, करंट किती आला, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. सांगता सांगता तिने डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला आणि बोलण्याच्या नादात ते दोन घास जेवलेही.

साडेपाच वाजून गेले तरी फोन आला नाही. दोन तासांचा रस्ता, म्हणजे एव्हाना यायला हवा होता. ती उठून बसत होती, बसून उठत होती. बाबांनी तिचा फोन स्वतःच्या मांडीवर घेतला होता. सहाला तो वाजला तेव्हा ते आधी दचकले आणि मग त्यांनी उचलला.

"हो, मी तिचे वडील बोलतोय. हो, मीच लावत होतो." बाबा ऐकत राहिले. "बरं. बरं. किती वेगावर? वास? ... सर्दी आहे, मग बहिणीला हुंगायला सांगा. पुढच्या आठवड्यात इकडे आलात की एकदा दाखवून जा." थोडा वेळ गेला. "ते तुमच्यावर आहे. मी आग्रह करणार नाही."

फोन ठेवून ते म्हणाले, "पोचलेत. पंखा चालू आहे. गाडी परत आपल्याकडे आणेल की नाही, विचार करून सांगतो म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं."

"बरोबर आहे."

गल्लीत उन्हं उतरली होती. करंटताईने टॉवेलाची गाठ सोडायला हात घातला, आणि मग मागे घेतला. ते बाबांनी ठरवायचं होतं.

"उद्यापासून," ती म्हणाली, "मी केलेली गाडी तुम्ही तपासल्याशिवाय बाहेर सोडायची नाही."

"आणि मी केलेली?"

"ती मी तपासेन."

"आणि गुरुवारी डॉक्टर काय म्हणतात त्यावर?"

"त्यावर बघू."

बाबा खालचा ओठ दातांत धरून बसले. मग त्यांनी निळी वायर तिच्यापुढे केली आणि म्हणाले, "ही मधोमध काप. एक फ्यूज बसवायची डबी आण. बसवून दाखवतो, तू बघ बरोबर बसवतोय का."

ती डबी आणायला उठली.